काळोखातली फेरी: भुतांच्या गोष्टी आणि शहरांचा इतिहास

वैजापूर, प्रतिनिधी

जुन्या शहराच्या एखाद्या वेशीपाशी संध्याकाळी पंधरा-वीस माणसे जमतात. बरोबर एक वाटाड्या असतो, त्याच्या हाती कंदील किंवा विजेरी. दिवेलागण झाली की मंडळी चालू लागतात. पडका वाडा, बुजलेली विहीर, नदीकाठचा घाट, एखादे थडगे अशा आठ-दहा ठिकाणी थांबत, तिथे घडलेल्या किंवा घडल्याचे सांगितले जाणाऱ्या गोष्टी ऐकत दीड-दोन तासांत फेरी पुरी होते. पर्यटनाच्या या प्रकाराला जगभर 'घोस्ट वॉक' असे नाव पडले आहे. मराठीत त्याला रूढ शब्द अजून नाही. 'भूतफेरी' म्हणावे तर ऐकणाऱ्याला हसू येते, 'अतींद्रिय पदभ्रमण' म्हणावे तर भूतही पळून जाईल. तूर्त भूतफेरी हाच शब्द आपण वापरू.

या फेरीचे माहेर इंग्लंडमधले यॉर्क हे तटबंदीचे गाव मानले जाते. तिथली १९७३ साली सुरू झालेली फेरी स्वतःला जगातील पहिली म्हणवते. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहराने हा व्यवसाय पुढे भरभराटीला आणला. त्या शहरात नव्या इमारतींच्या पोटात जुन्या गल्ल्या गाडल्या गेल्या आहेत. १६४५ सालच्या प्लेगची आठवण बाळगणारी मेरी किंग्ज क्लोज ही त्यांतली एक गल्ली २००३ पासून नव्या व्यवस्थेत प्रेक्षकांना दाखवली जाते. ज्या शहरांना अशा फेऱ्या लाभल्या, त्यांची घडण सारखीच आहे. गावाला तट असतो, गल्ल्या अरुंद असतात, एखादा मोठा रोग किंवा मोठा खून गावाच्या आठवणीत घट्ट रुतून बसलेला असतो आणि रात्री रस्त्यावर पायी फिरण्याइतकी निर्धास्तता असते. शेवटची अट आपल्याकडे सर्वांत अवघड ठरते.

भारतात सरकारी पातळीवर हा प्रयोग दिल्लीच्या पर्यटन खात्याने मे २०२३ मध्ये सुरू केला. पहिली फेरी मालचा महालाची होती. चौदाव्या शतकातील, फिरोजशाह तुघलकाच्या काळातले हे शिकारखाने. १९८५ साली बेगम विलायत महल नावाची स्त्री आपण अवधच्या नवाबाच्या वंशातील असल्याचे सांगत मुलगा, मुलगी आणि कुत्र्यांसह इथे राहायला आली. वीज नाही, पाणी नाही, अशा अवस्थेत हे कुटुंब जगले. बेगमेने १९९३ मध्ये आत्महत्या केली आणि २०१७ मध्ये मुलगाही त्या ओसाड वास्तूत एकटा मरण पावला. लोकांनी तिथे लगोलग भूत बसवले. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराने शोध घेतला, तेव्हा राजवंशाचा दावाच खरा नव्हता, फाळणीत उन्मळून पडलेल्या एका कुटुंबाची ती शोकांतिका होती, असे समोर आले. म्हणजे तिथली खरी गोष्ट भुताच्या गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे. फेरीतला वाटाड्या ती सांगतो की नुसते 'इथे बेगमेचा आत्मा फिरतो' म्हणून पुढे सरकतो, यावर त्या फेरीची प्रत ठरावी.

हीच कसोटी महाराष्ट्रात लावायची तर शनिवारवाड्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, ही दंतकथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भारतातील 'झपाटलेल्या' वास्तूंची कोणतीही यादी शनिवारवाड्यावाचून पुरी होत नाही. संध्याकाळी दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात घोळक्याने बसलेल्या तरुणांपैकी कोणीतरी कोणाला तरी ही गोष्ट सांगत असतो. वाटाड्या नसला तरी फेरी तिथे रोजच चालू असते, असे म्हटले तरी चालेल.

आता इतिहास पाहू. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारल्यावर त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी पगार थकल्यामुळे बिथरलेले होते. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे गारद्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा सेवक यांच्याशी संधान बांधले गेले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे शके १६९५ च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारली. त्या मिठीतूनच त्यांना ओढून मारण्यात आले. धन्याला वाचवायला मध्ये पडलेला चाफाजी टिळेकरही मारला गेला. इतर काही सेवक आणि दासी कापल्या गेल्या, एक गायही त्या धुमश्चक्रीत सापडली. पेशव्यांचे वय नुकतेच अठरा पूर्ण झाले होते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या.

दंतकथेने या घटनेत काय फेरफार केला, हे पाहण्यासारखे आहे. खून रात्री झालेला नाही. तो भर दुपारी, जेवणानंतरच्या विश्रांतीच्या वेळी झाला. तिथी अमावास्येची नव्हती आणि पौर्णिमेचीही नव्हती. गणेशोत्सव चालू होता आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली होती. उन्हात, दरबारी माणसांच्या वावरात, राजवाड्याच्या आत राज्याच्या प्रमुखाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी मारले, ही वस्तुस्थिती इतकी उघडीवाघडी आहे की लोकांना ती तशी सहन होत नसावी. म्हणून तिच्यावर चंद्रप्रकाश पसरला. रात्र आली की माणसांची जबाबदारी संपते आणि भुतांची सुरू होते.

'ध' चा 'मा' हेही असेच. रघुनाथरावांनी 'धरावे' असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, ही हकिगत शाळकरी मुलालाही पाठ असते. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आली आणि नंतर नाटक-कादंबऱ्यांनी तिला पक्के रूप दिले. तो कागद मात्र आज कोणालाही दाखवता येत नाही. एका स्त्रीच्या माथी अडीचशे वर्षे बसलेला हा डाग किती भक्कम पुराव्यावर उभा आहे, हा प्रश्न फेरीतल्या श्रोत्यांपुढे ठेवायला हवा. भुताची हाक अंगावर काटा आणते, पण हा प्रश्न घरी गेल्यावरही पाठ सोडत नाही, असा या वार्ताहराचा अनुभव आहे.

पुढची हकिगत न्यायाची आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. तेही १७९५ च्या ऑक्टोबरात याच वाड्यात उंचावरून कारंज्यावर पडून गेले. बाप अठराव्या वर्षी, मुलगा एकविसाव्या वर्षी. रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव गादीवर आला, तेव्हा नारायणरावांचा समंध आपल्याला छळतो असे त्याला वाटे आणि बापाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्याने पुण्याभोवती आंब्याची झाडे लावली, अशी हकिगत इंग्रज लेखकांनी टिपून ठेवली आहे. पुण्याचे प्रसिद्ध भूत पहिल्यांदा सतावू लागले ते सामान्यांना नव्हे, खुनाचा लाभ ज्याला मिळाला त्याला, एवढे यातून दिसते.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि आतल्या इमारती खाक झाल्या. आज उरले आहेत ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे हौद. म्हणजे ज्या दालनात खून झाला, ते दालनच शिल्लक नाही. नारायणरावांचे शव ज्या दाराने बाहेर काढले, तो नारायण दरवाजा मात्र आहे. भूतफेरी वाड्याच्या आत रात्री नेता येत नाही, कारण संरक्षित स्मारक संध्याकाळनंतर बंद होते. राजस्थानातील भानगडला पुरातत्त्व खात्याची 'सूर्यास्तानंतर प्रवेश नाही' ही पाटी भुतांचा सरकारी दाखला म्हणून मिरवली जाते. खरे तर स्मारके संध्याकाळी बंद करण्याचा तो नेहमीचा शिरस्ता आहे. शनिवारवाड्याभोवती तटाच्या बाहेरून चक्कर मारणे, नारायण दरवाजापाशी थांबणे, तिथून नदीकडे उतरणे एवढेच शक्य आहे आणि तेवढे पुरेसेही आहे.

नदीकडे उतरले की पाच-दहा मिनिटांत ओंकारेश्वर येते. पेशवाईतले हे शिवमंदिर, आवारात चिमाजी अप्पांची समाधी. शेजारीच स्मशानाची जागा होती, म्हणून भुताखेतांच्या गप्पांत हा घाट हमखास येतो. मंदिराला लागून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना याच पुलावर गोळ्या घालून ठार करण्यात आले. आयुष्यभर ज्यांनी भुताची भीती माणसाच्या मनातून काढण्याचे काम केले, त्यांचा खून पुण्याच्या सर्वांत प्रसिद्ध भुतापासून हाकेच्या अंतरावर झाला. त्यानंतर चारच दिवसांत राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. त्या परिसरातून जाणारी कोणतीही संध्याकाळची फेरी या पुलावर न थांबता पुढे गेली, तर ती फेरी इतिहासाची नव्हे, नुसत्या करमणुकीची आहे असे खुशाल समजावे. नारायणरावांचा खून आणि डॉक्टरांचा खून यांत २४० वर्षांचे अंतर. दोन्ही दिवसाउजेडी.

या कायद्याने भूतफेरीला मज्जाव होतो का, असा प्रश्न विचारला जातो. गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही. मंत्राच्या साहाय्याने भूतपिशाचांना आवाहन करून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अशा कृत्यांना कायद्याने बंदी आहे. वाटाड्याने गोष्ट सांगावी. ताईत विकू नये, 'बाधा' झालेला माणूस आणून दाखवू नये. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री स्मशानात कार्यक्रम करतात, तेव्हा तेही एका अर्थी भूतफेरीच काढत असतात. फक्त शेवटी भूत नसल्याची खात्री करून माणसे घरी परततात.

मराठी मुलखातील भुतांची जातकुळी मोठी आहे आणि वाटाड्याला ती ठाऊक हवी. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण. इच्छा अपुरी राहिलेला, धनात जीव अडकलेला ब्राह्मण समंध. वाटसरूला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवणारा चकवा. कोकणात खवीस आणि गिऱ्हा, गोव्याकडे देवचार. या सर्वांचा राजा वेताळ, तो तर अनेक गावांत शेंदूर फासलेला देवच. या यादीकडे नीट पाहिले तर ती समाजाच्या दुखण्यांची यादी आहे हे लक्षात येते. बाळंतपणात बायका मरत होत्या, मुलगे लहानपणी जात होते, वारस नसलेल्यांचे क्रियाकर्म करायला कोणी नव्हते. ज्यांचे देणे राहून गेले, ते भूत झाले. नारायणराव विवाहित होते, तेव्हा शास्त्रानुसार ते मुंजा नव्हेत, समंधच ठरतात. हे सांगितले की जाणकार श्रोते गालात हसतात.

ही लोकसमजुतींची माहिती छापील रूपात कशी आली, याची गोष्ट आमच्या भागाशी जोडलेली आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता. शाळाशिक्षकांमार्फत त्याने गावोगावच्या देवता, झाडे, भुते, नजर, उतारे यांविषयीची माहिती गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगावेळी अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे औरंगाबादेत शिकत होता. त्याला एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जॅक्सनची टिपणे आर. ई. एन्थोव्हेन याने संकलित करून गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत १९१४-१५ मध्ये प्रसिद्ध केली. औरंगाबादहून नाशिककडे निघाले की वाटेत वैजापूर लागते, लोहमार्गाने रोटेगावचे स्थानक. भुतांच्या नोंदी गोळा करणारा अधिकारी आणि त्याला मारणारा क्रांतिकारक यांची गावे जोडणारा हा रस्ता रोज शेकडो माणसे ओलांडतात. त्यावर भूतफेरी काढण्याचे अद्याप कोणाच्या मनात आलेले नाही.

वैजापूर तालुक्यातल्या माणसाला भूतफेरीसाठी पुण्याला जाण्याची गरजही नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर अशा फेरीसाठीच बांधले असावे असे वाटते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे औरंगजेबाने तिला आपले नाव दिले आणि १६८२ च्या सुमारास तटबंदी घातली. भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, दिल्ली दरवाजा यांच्या कमानींखालून आजही रिक्षा धावतात. जमिनीखालून मलिक अंबरची नहर गेली आहे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी उतारानेच मातीच्या नळांतून शहरात आणणारी ही योजना चारशे वर्षांपूर्वीची. जुन्या वस्तीत जमिनीखालच्या भुयारांच्या ज्या दंतकथा ऐकू येतात, त्यांतल्या काहींचा उगम या नहरीत असावा असा आमचा अंदाज आहे. भुयार म्हणून ज्याची भीती घातली गेली, ते पिण्याचे पाणी होते.

अंधाराची खरी मौज हवी असेल त्याने देवगिरीची अंधारी पाहावी. दौलताबाद किल्ल्याच्या माथ्याकडे जाणारा हा कातळातला वळणावळणाचा मार्ग दिवसाही काळोखा असतो. वाटाडे पूर्वापार पलिता पेटवून माणसे नेत आले आहेत. फसवी वळणे, चुकीच्या दिशेने गेल्यास खंदकात कोसळण्याची सोय, शत्रू आत शिरला की धूर कोंडण्याची व्यवस्था, असे सारे पलित्याच्या उजेडात दाखवले जाते. मग वाटाड्या क्षणभर पलिता झाकतो. वर वटवाघळांची फडफड आणि खाली आपल्याच श्वासाचा आवाज. इथे भुताची गोष्ट सांगण्याची आवश्यकता उरत नाही, कारण ही भीती स्थापत्यशास्त्राने मोजूनमापून तयार केली आहे. त्याच किल्ल्यातल्या चिनी महालात गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला राज्य गेल्यावर औरंगजेबाने कैदेत ठेवले होते. कैदेतच त्याचा अंत झाला. त्याचे भूत कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. प्रत्येक दुःखाला भूत मिळतेच असे नाही.

फेरीला जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. वीसपेक्षा अधिक माणसे असली की मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि पुढचे मागे वळून हसतात. पायांत बंद बूट असावेत, विजेरी स्वतःची असावी. पावसाळ्यात जुन्या पायऱ्यांवर शेवाळ चढते, तेव्हा हिवाळा बरा. दर्गे, मंदिरे, समाध्या इथे लोक श्रद्धेने येतात. तिथे भयकथा मोठ्याने सांगू नये. वस्तीतल्या वाड्यासमोर उभे राहून 'या घरात भूत आहे' असे सांगणे तर अगदीच वाईट. त्या घरात माणसे राहतात, त्यांना मुली उजवायच्या असतात, घर विकायचेही असते. लहान मुलांना न्यायचे असेल तर आधी दिवसा तीच वाट दाखवून आणावी. वाटाड्याला पहिल्याच थांब्यावर विचारावे, की यातले कागदोपत्री किती आणि ऐकीव किती. जो न चिडता उत्तर देतो त्याच्या मागे जावे.

शनिवारवाड्याची फेरी नारायणरावांच्या तिथीला करावी असे कोणाच्या मनात आले, तर त्याने तो बेत सोडावा. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी म्हणजे अनंत चतुर्दशीची आदली संध्याकाळ. त्या दिवशी शनिवारवाड्याच्या आसपासचे रस्ते देखावे पाहणाऱ्यांनी फुललेले असतात, ढोलपथके उद्याच्या मिरवणुकीची तयारी करत असतात आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज टिपेला पोहोचलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही त्या रात्री ओरडून बोलावे लागते.